गावचा सडा सौर प्रकल्पाला द्यावा का? गोव्यात आधी काय व्हायला हवे

पेडणे तालुक्यातील एका पंचायतीवर पहिल्यांदाच निवडून आलेल्या ताईंनी विचारले आहे : "येत्या ग्रामसभेत स्वच्छ ऊर्जा आणि पर्यावरणावर ठराव घेऊन राज्य सरकारला पाठवायचा आहे. मागण्यांची यादी बावीसवर गेली. गावचा सडा (जांभ्या दगडाचे पठार) ओसाड पडून आहे, तिथे सौर प्रकल्प आणा असे काही जण म्हणतात, काहींचा कडाडून विरोध आहे. सरकारने आधी कशाला हात घालावा असे तुम्हाला वाटते?"

ताई, बावीस मागण्या पाठवल्या तर फाइलीत एकच शेरा पडेल, "योग्य त्या कार्यवाहीसाठी". म्हणून मी यादी कापूनच उत्तर देतो. मी चौतीस वर्षे विजेच्या कामात आहे. आधी कारखान्यांचे वीज लेखापरीक्षण केले, गेली बारा वर्षे घरे, शाळा, देवळे आणि हॉटेलांवर सौर यंत्रणा बसवतो, बसवलेल्या तपासतो. या धंद्यात असूनही माझे उत्तर असे आहे की सडा देऊ नका. गोव्यात ऊन भरपूर आहे, पैसाही उभा राहतो. तुटवडा आहे तो जमिनीचा. ३,७०२ चौरस किलोमीटरचे हे राज्य. पूर्वेला अभयारण्ये, पश्चिमेला किनारा, मधल्या पट्ट्यात खाजने (खाडीकाठची बांध घातलेली शेते), कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा), खाणी आणि वाढती वस्ती. म्हणून स्वच्छ ऊर्जेची कोणतीही योजना समोर आली की माझा पहिला प्रश्न असतो, ही किती जमीन खाणार आणि कोणती?

जमिनीवर एक मेगावॅट सौर उभारायला साधारण चार एकर लागतात. पन्नास मेगावॅट म्हणजे दोनशे एकर. पेडण्यात इतकी सलग मोकळी जागा सड्याखेरीज दुसरी नाही, म्हणून सगळ्यांचे बोट सड्याकडे जाते. मार्च-एप्रिलमध्ये सडा खरोखरच भाजून निघाल्यासारखा दिसतो. पण त्याच सड्यावर ऑगस्टमध्ये जाऊन बघा. जांभ्याच्या खळग्यांत पाणी साठलेले, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी चादर, गावची गुरे चरताहेत. जांभा दगड सच्छिद्र. चार महिने पडणारा पाऊस तो आत मुरवतो आणि सड्याच्या पायथ्याला झरीतून सावकाश सोडतो. तुमच्या वाड्यांवरच्या विहिरी, झरीखालची बागायत, वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या भाताची) शेते या पाण्यावर उभी आहेत. सौर प्रकल्प आला की पहिले काम सपाटीकरणाचे. मग यंत्रांसाठी रस्ते, खांबांसाठी खड्डे, सभोवती कुंपण. रोलर फिरलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, ते उतारावरून धावत सुटते. पावसात गाळ शेतात येतो आणि एप्रिलमध्ये झर आटते. हे नुकसान विजेच्या हिशेबात कुठेच दिसत नाही, कारण झरीला मीटर नसतो.

आता वीज मिळवायची कुठून? आधी सध्याची स्थिती. गोव्यात स्वतःचे मोठे वीज केंद्र नाही. आपली बरीचशी वीज कोरबा, विंध्याचल अशा दूरच्या औष्णिक केंद्रांतून येते. म्हणजे पेडण्यात पंखा फिरतो तेव्हा कोळसा छत्तीसगडात किंवा मध्य प्रदेशात जळतो. (मुरगाव बंदरातला कोळसा वेगळा. तो मुख्यत्वे कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठी उतरतो, वास्कोच्या वाट्याला त्याची भुकटी येते. ठरावात या दोन गोष्टी एकत्र करू नका, दोन्ही मागण्या कमजोर होतात.) राज्याने काही सौर वीज बाहेरून विकत घ्यावी, याला माझा विरोध नाही. राजस्थानच्या वाळवंटात जे स्वस्तात होते ते सड्यावर करण्याचा हट्ट कशाला? पण जेवढे इथे, आधीच बांधलेल्या छपरांवर होऊ शकते, तेवढे तरी व्हायला हवे. वेर्णा, कुंडई, थिवी इथल्या औद्योगिक वसाहतींच्या शेड, सरकारी इमारती, शाळा, मार्केट, बसस्थानके, हॉटेले, गृहसंकुले आणि आपली घरे. ही सगळी जागा आधीच काँक्रीट आणि पत्र्याखाली गेली आहे, तिला आणखी कसले नुकसान होणार?

मग हे होत का नाही? लोक म्हणतात जागृती नाही. माझा अनुभव निराळा आहे. लोक तयार असतात, अडते ते तारेवर आणि कागदावर.

तारेचे आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावरून फोन आला. तीन किलोवॅटची यंत्रणा, बसवून जेमतेम सहा महिने झालेले. घरातल्या आजी रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवर (सौर वीज घराच्या तारेत सोडणाऱ्या यंत्रावर) त्या दिवसाच्या युनिटांचा आकडा बघून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पेन्सिलीने लिहीत. फेब्रुवारीत बारा, तेरा, बारा, असे छान चालले होते. एप्रिलपासून मध्येच सात, चार, एकदा शून्य. गंमत म्हणजे शून्याच्या दिवशी आकाश निरभ्र होते. आजी मला म्हणाल्या, "भाऊ, पाऊस असताना बंद पडले तर समजू शकते. ऊन असताना का पडते?"

मी रात्री सव्वानऊला मीटर लावला. १८४ व्होल्ट, म्हणजे दाब फारच कमी. घर लाइनीच्या शेवटच्या खांबावर. अख्ख्या वाड्याला एकच १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, आणि गेल्या काही उन्हाळ्यांत घरोघर एसी आलेले. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला पुन्हा मोजले, २५६ व्होल्ट. वाडा कामावर गेलेला, खप नाही, त्याच फेजवर आणखी दोन घरांची सौर यंत्रणा जोडलेली. बारीक तारेतून ती वीज मागे जायला वाट नाही, म्हणून दाब चढतो आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद होतो. म्हणजे त्याच तारेवर रात्री पंखा रेंगाळत होता आणि दुपारी फुकटची वीज वाया जात होती. उपाय मोठा नव्हता. तिन्ही फेजवर घरे समान वाटून द्यायची, शेवटच्या आठ-दहा खांबांची तार जाड करायची, ट्रान्सफॉर्मरचे टॅप (दाब कमी-जास्त करायची सोय) तपासायचे. ज्या लाइनमनने हे मनावर घेतले त्याचे मी आजही आभार मानतो. पण अशी कामे एका लाइनमनच्या चांगुलपणावर सोडून कसे चालेल?

म्हणून राज्याकडे माझी पहिली मागणी मेगावॅटची नाही, खालच्या दाबाच्या तारांची आहे. प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर सध्या किती भार आहे आणि आणखी किती सौर जोडता येईल, हे वीज खात्याने जाहीर करावे. वाड्यावरच्या माणसाला अर्ज करण्याआधी ते दिसले पाहिजे. तौक्ते चक्रीवादळाने मे २०२१ मध्ये खांब आडवे केले, तेव्हा कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. त्यानंतर भूमिगत वाहिन्यांची मागणी जोरात आली आणि ती रास्त आहे, पण ती शहरे आणि किनारपट्टीवरच अडकून राहू नये.

आणि एक गैरसमज ग्रामसभेतच दूर करा. ग्रिडला जोडलेली साधी सौर यंत्रणा वीज गेली की बंद पडते, भर दुपारीही. ती तशीच बनवलेली असते, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या छपरावरच्या विजेचा झटका बसेल. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीसह यंत्रणा घ्यावी लागते आणि तिचा खर्च वेगळा. हे न सांगता यंत्रणा विकणारे आहेत, आणि फसवले गेल्याची भावना झालेला माणूस दहा शेजाऱ्यांना परावृत्त करतो. खाऱ्या हवेचेही तसेच. एका ठेकेदाराने किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर साध्या रंगवलेल्या लोखंडाचा सांगाडा उभा केला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी तो पाहिला तेव्हा नटबोल्ट हाताने चुरडत होते. किनारी तालुक्यांसाठी सांगाडा, बोल्ट आणि अर्थिंग यांचे किमान निकष राज्याने ठरवून द्यावेत, आणि ते पाळल्याशिवाय अनुदान सोडू नये.

आता कागद. केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. दोन किलोवॅटला ६० हजार, तीन किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजार रुपये अनुदान. गोव्यातल्या मध्यमवर्गीय घराला तीन किलोवॅट पुरते. सुमारे तीनशे चौरस फूट छप्पर, स्वच्छ उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास, आषाढ-श्रावणात त्याच्या निम्मे किंवा कमी. पण अर्ज करायचा कोणी? वीज जोडणी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन पंचवीस वर्षे झाली, वारस अकरा, त्यातले चार परदेशात. कोणाची हरकत नसते, सही मात्र मिळत नाही. मुंडकाराची गत आणखी कठीण. घर त्याचे, खालची जमीन भाटकाराची. मुंडकार कायदा १९७५ सालचा, पण मामलेदारांकडे खटले पिढ्यान्‌पिढ्या चालतात. ज्याला वीजबिलाची खरी झळ बसते, तोच या योजनेच्या दाराबाहेर उभा.

यावर दोन गोष्टी राज्याच्या हातात आहेत. घरपट्टी कोण भरतो आणि बिल कोण भरतो यावरून प्रत्यक्ष राहणाऱ्याला, हमीपत्र घेऊन, सौर जोडणी द्यावी. मालकीच्या वादाला त्याने धक्का लागत नाही, हे त्या आदेशातच लिहावे. दुसरी सामायिक छपराची. पंचायत घर, शाळा, देवळाची अग्रशाळा (भाविकांच्या मुक्कामाची इमारत) यांवर मोठी यंत्रणा बसवायची आणि तिचे युनिट वाड्यावरच्या वीस-तीस घरांच्या बिलात वाटून वजा करायचे. याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. कौलारू घरांसाठी तर मला दुसरा सोपा मार्ग दिसत नाही. जुन्या वाशांवर सौर पट्ट्यांचे वजन आणि वादळी वारा दोन्ही टाकायचे, आणि तुटलेली कौले बदलायला पुन्हा माणूस चढवायचा, हे मी कोणाला सुचवत नाही.

दर हाही एक भाग आहे. गोव्यात घरगुती विजेचा खालच्या टप्प्यांचा दर खूप कमी आहे. महिन्याला शंभर-दीडशे युनिट वापरणाऱ्याला स्वतःच्या पैशाने सौर बसवणे परवडतच नाही, आणि त्याला ते न केल्याबद्दल दोष देता येत नाही. म्हणून सक्ती करायचीच तर वरून सुरू करावी. मोठी हॉटेले, मॉल, नवी गृहसंकुले. हॉटेलांत मी पाहतो, अजूनही शेकडो खोल्यांचे आंघोळीचे पाणी विजेच्या गिझरवर तापते. विजेने पाणी तापवणे ही गोव्यासारख्या प्रदेशात सर्वांत मोठी उधळपट्टी. सौर बंब आणि हीट पंप यांचे तंत्र जुने, खात्रीचे आहे. बांधकाम परवान्यापेक्षा ऑक्युपन्सी दाखल्याला (इमारत पूर्ण झाल्यावर वापरासाठी मिळतो त्याला) ही अट जोडा. परवान्याच्या वेळी सगळेच कागदावर सौर दाखवतात.

छपरांनी रात्रीची गरज भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. एप्रिल-मेच्या रात्री एसी चालतात तेव्हा सूर्य नसतो. म्हणून बाहेरून येणारी मोठी वाहिनी नकोच, असे मी म्हणणार नाही. मोलेच्या प्रकरणातून शिकण्यासारखे हेच आहे. बाहेरून वीज आणणाऱ्या तमनार प्रकल्पाची ४०० केव्ही वाहिनी मोले अभयारण्यातून नवी पट्टी कापून जाणार होती. लोकांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्या न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये सुचवले की आधीच मोकळ्या असलेल्या २२० केव्ही वाहिनीच्या पट्टीतूनच ती न्यावी. वीजही हवी, जंगलही हवे, तर जुन्या पट्टीतून जा. हा विचार आराखड्याच्या पहिल्या पानावर व्हायला हवा होता, न्यायालयापर्यंत जायची वेळ यायला नको होती. मोले अभयारण्यातून दूधसागरचे पाणी खांडेपार नदीत येते आणि ओपाच्या पाणी प्रकल्पातून फोंडा-पणजीच्या नळाला. म्हादई अभयारण्याचेही तसेच. सत्तरीत जानेवारी २०२० मध्ये चार वाघ विषप्रयोगाने मेले, त्यानंतर व्याघ्र प्रकल्पाची चर्चा पेटली, आणि उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तो अधिसूचित करायला सांगितले. राज्य त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्या राज्याची कर्नाटकाशी म्हादईच्या थेंबाथेंबासाठी झुंज चालली आहे, त्याने त्या पाण्याचे माहेर जपायला मागेपुढे पाहावे, याचे मला मनापासून दुःख होते.

आता खाजन. तुमच्या यादीत ते एकोणिसावे होते, मी ते तारांच्या बरोबरीला आणून ठेवतो. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आहे. भरतीच्या पातळीपेक्षा खोल असलेली ही जमीन आपल्या पूर्वजांनी खाडीतून मिळवली आणि शेकडो वर्षे टिकवली, मातीचा बांध आणि लाकडी मानस (बांधातले पाण्याचे दार) यांच्या जोरावर. मानशीचे काम एकदा उभे राहून बघण्यासारखे आहे. भरती येते तसे खाडीचे पाणी दारावर चढते आणि त्याच्याच रेट्याने दार चौकटीला घट्ट बसते. वीज नाही, पंप नाही. ओहोटीला बाहेरचे पाणी उतरते, आतल्या पोंयीतले (मानशीजवळच्या खोलगट डोहातले) पाणी दार ढकलून निघून जाते. पावसाळ्यात शेतातले जादा पाणीही याच वाटेने बाहेर पडते. समुद्र चढत असताना किनाऱ्यावरच्या राज्याकडे अशी यंत्रणा चालू स्थितीत असणे ही केवढी मोठी गोष्ट!

ती आता ढासळते आहे, आणि कारणे घरातलीच आहेत. बांध राखणे पूर्वी कोमुनिदादीचे (गावच्या सामायिक जमिनीच्या जुन्या संस्थेचे) काम होते. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते कुळांच्या संघटनांकडे आले, आणि अनेक गावांत कोणाकडेच राहिले नाही. मानशीतल्या मासळीची पावणी (लिलाव) होते. पावणी घेणाऱ्याला जास्त मासे हवे असतात, म्हणून काही ठिकाणी भरतीच्या वेळी दार मुद्दाम उघडे ठेवले जाते. दोन हंगाम खारे पाणी शिरले की खारे पाणी सोसणाऱ्या कोरगुट भाताचेही बियाणे हरते, शेत पडीक होते, पडीक शेतात कांदळ उगवते, आणि मग ती जमीन भरायला कोणीतरी टपलेलेच असते. भातशेती गेली, पूर अडवणारी जागा गेली, पाठीमागची वस्ती पाण्यात. राज्याने करायचे ते एवढेच. प्रत्येक मानशीसाठी जबाबदार माणूस नेमून त्याला वर्षभराचे मानधन द्यावे, पावणीच्या पैशातला ठरावीक वाटा बांधासाठी वेगळा ठेवावा, आणि बांधाची डागडुजी पावसाळ्यापूर्वी संपवण्याची तारीख ठरवावी. बांध फुटल्यावर येणारा निधी दुप्पट लागतो आणि उशिरा येतो.

जमीन रूपांतराचा विषय याला चिकटूनच आहे. नगर नियोजन कायद्यात २०२३ साली कलम १७(२) आले, २०२४ साली ३९-ए. दोन्हींनी एकेका भूखंडाचा विभाग बदलायची वाट उघडली. पहिल्याखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. भूखंडा-भूखंडाने विभाग बदलत राहिले तर बाकी सगळी हरित धोरणे पोकळ ठरतात. छपरावर तीन किलोवॅट बसवून आपण जेवढा कार्बन वाचवतो, त्यापेक्षा अधिक एका डोंगरकापणीत गमावून बसतो, आणि झर जाते ती वेगळीच.

बाकीचे थोडक्यात. वाहनांच्या बाबतीत भाड्याच्या गाड्या आणि दुचाकी आधी विजेवर आणाव्यात, त्या दिवसाकाठी सर्वाधिक फिरतात आणि ठराविक जागी उभ्या राहतात. पण पायलटना (दुचाकी टॅक्सी चालवणाऱ्यांना) आणि छोट्या मालकांना कर्जाची सोय केल्याशिवाय सक्ती करू नये. गावात दर अर्ध्या तासाला बस आली तर त्याने जे होईल ते चार्जिंग केंद्रांनी होणार नाही. कचऱ्यात साळगावचा प्रकल्प २०१६ पासून बायोगॅसवर वीज बनवतो, तिथली अडचण यंत्राची नाही, आपण ओला-सुका वेगळा देत नाही ही आहे. डिचोली-सांग्यातल्या बंद खाणींच्या जमिनीवर सौर करता येईल का, हे मला बऱ्याचदा विचारतात. खणून झालेली, सपाट, स्थिर जागा असेल तर सड्यापेक्षा ती नक्कीच बरी. मातीच्या ढिगांवर मात्र नको. ते ढीग पावसाळ्यात सरकतात, आणि खाली शेते आहेत.

ठरावाचा मसुदा करताना ताई, "सौर ऊर्जेस प्रोत्साहन द्यावे" असे वाक्य नको. गावातल्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचा क्रमांक, त्यावरची घरे आणि शेवटच्या खांबावरचा रात्री नऊचा दाब लिहा. साधा मल्टिमीटर पाचशे रुपयांत मिळतो, गावातला कोणताही वायरमन मोजून देईल. पंचायत घर आणि शाळा यांच्या छपरांची मापे जोडा. मानशींची यादी द्या, कोणत्या मानशीचे दार कधी बदलले ते जुन्या शेतकऱ्यांना विचारा. सड्याखालच्या झरी नकाशावर मांडा, आणि त्यांचे पाणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मोजून घ्या. बादली भरायला किती सेकंद लागतात एवढे लिहिले तरी चालेल. हे कागद तयार झाले की मला कळवा. ग्रामसभेआधीच्या रविवारी मी येतो, आपण सड्यावरून खाली बांधापर्यंत चालत जाऊ.